नाशिकला नव्याने आलात आणि मूल सरकारी शाळेत घालताय, तर

आम्ही सटाण्याकडून नाशिकला आलो तेव्हा मोठा मुलगा दुसरीत होता. ह्यांना अंबडच्या एका कंपनीत काम लागलं, सिडकोत खोली मिळाली, गॅस झाला, रेशनकार्डाची धावपळ झाली आणि शाळेचा विषय सगळ्यात शेवटी निघाला. पहिल्या शाळेत गेले तर समोरून एकच वाक्य आलं, "दाखला घेऊन या, मग बघू." दाखला गावाकडे, मुख्याध्यापक रजेवर. मुलगा तीन आठवडे खोलीत बसून राहिला. ते तीन आठवडे मला अजून टोचतात, कारण त्याला घरी बसवायची काहीही गरज नव्हती आणि ते मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

आज माझी दोन्ही मुलं मनपा शाळेत शिकली आहेत, मी शाळा व्यवस्थापन समितीवर काम केलं आहे आणि आमच्या गल्लीत कोणी नवीन भाडेकरू आले की शाळेचं विचारायला माझ्याकडे येतात. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

शाळा कोणाची, ते आधी पाहा

"सरकारी शाळा" असं आपण सरसकट म्हणतो, पण मालक वेगवेगळे असतात आणि उद्या काही अडलं तर कोणत्या कार्यालयात जायचं हे त्यावरच ठरतं. महापालिकेच्या हद्दीत असाल, म्हणजे नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिक रोड, सातपूर किंवा सिडको म्हणजेच नवीन नाशिक या सहापैकी एखाद्या विभागात, तर जवळची शाळा बहुधा मनपाची असेल. फाटकावर "मनपा शाळा क्रमांक अमुक" असं लिहिलेलं असतं. तिचा कारभार महापालिकेचा शिक्षण विभाग बघतो, त्याचे प्रमुख प्रशासनाधिकारी. महापालिकेचं मुख्य कार्यालय शरणपूर रोडला, राजीव गांधी भवनात. मराठीशिवाय उर्दू आणि हिंदी माध्यमाच्याही मनपा शाळा आहेत, हे उत्तरेकडून कामाला आलेल्या कुटुंबांना पुष्कळदा माहीतच नसतं.

हद्दीबाहेर गेलात की जिल्हा परिषदेची शाळा. तिथे केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि तालुक्याला गटशिक्षणाधिकारी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण या भागांत आदिवासी विकास विभागाच्या निवासी आश्रमशाळाही आहेत. त्यांचं राज्याचं आयुक्तालयच नाशिकमध्ये आहे. संस्थांच्या अनुदानित शाळा हा आणखी एक प्रकार, पण त्यांची पद्धत वेगळी, त्यात इथे शिरत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यानुसार पाचवीपर्यंतची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. तेव्हा आधी पायी फिरा. रिक्षावाल्याला विचारण्यापेक्षा किराणा दुकानात विचारा, त्यांना शाळा सुटायची वेळसुद्धा पाठ असते.

बघायला जाल तेव्हा

प्रवेश घ्यायच्या आदल्या दिवशी शाळेत एक चक्कर मारा, आणि ती दुपारच्या जेवणाच्या वेळेला मारा. त्या अर्ध्या तासात शाळा जशी आहे तशी दिसते. नळाला पाणी आहे का, मुलींचं स्वच्छतागृह उघडं आहे की कुलूप लावलेलं, मुलं हात धुऊन बसतात का, वाढताना शिक्षक जवळ आहेत का. इमारतीचा रंग मी बघत नाही. आपल्याकडे मनपाच्या बऱ्याच शाळांत आता स्मार्ट स्कूल योजनेतले डिजिटल वर्ग झाले आहेत, ते चांगलंच आहे, पण पडदा चालू आहे की झाकून ठेवला आहे हेही नजरेखालून घाला.

मग मुख्याध्यापकांना विचारा की पट किती आणि शिक्षक किती. कायद्याचं गणित सोपं आहे, पाचवीपर्यंत साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक. लहान गावांत द्विशिक्षकी शाळा असते, चार वर्ग आणि दोन शिक्षक. त्याने लगेच नाक मुरडू नका. एका खोलीत पहिली-दुसरी एकत्र बसते तेव्हा लहान मूल मोठ्याचं ऐकून शिकतं, आणि गुरुजी मन लावून शिकवणारे असले तर अशी शाळा मोठ्या शाळेच्या पुढे जाते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळी या पाड्यावरची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते, तिथली मुलं दोन्ही हातांनी लिहितात आणि भलेमोठे पाढे म्हणतात. लांबलांबून शिक्षक ती बघायला येतात.

शेवटी, बाईंची परवानगी घेऊन दुसरीतल्या दोन-चार मुलांच्या वह्या उघडून बघा. पानांवर तारीख आहे का, तपासलेलं आहे का, चुकीचा शब्द मुलाने पुन्हा लिहिला आहे का. माझ्या मते एवढी एक तपासणी दहा माणसांच्या मतापेक्षा जास्त सांगते.

प्रवेशाचे कागद, आणि नसतील तर

३१ डिसेंबरपर्यंत मुलाला सहा वर्षं पूर्ण होत असतील तर त्या वर्षीच्या जूनमध्ये पहिलीचा प्रवेश होतो. आपल्याकडे शाळा १५ जूनच्या सुमाराला उघडतात, पण नावनोंदणी त्याआधीच सुरू होते. बऱ्याच शाळा गुढीपाडव्याला दारोदार फिरून पटनोंदणी करतात. मग शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो. त्यात मुलाला रंग ओळखायला, उड्या मारायला, वस्तू मोजायला लावतात. ती परीक्षा नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची परीक्षा घेणं कायद्याने बंद आहे. मेळाव्यात आयांचे गट करतात आणि उन्हाळ्यात घरी काय खेळ घ्यायचे ते सांगतात, म्हणून तो चुकवू नका. नव्या वस्तीत माझ्या पहिल्या दोन मैत्रिणी मला तिथेच मिळाल्या.

सोबत न्या: जन्मदाखला, मुलाचं आणि पालकांचं आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा (भाडेकरार चालतो), फोटो, आणि असेल तर वडिलांचा किंवा घरातल्या कोणाचा जातीचा दाखला. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. मूळ कागद दाखवून परत घ्या, शाळेत ठेवू नका.

जन्मदाखला नसेल तर? दवाखान्याची किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरची नोंद चालते, अंगणवाडीची नोंद चालते, आणि तेही नसेल तर पालकांनी लिहून दिलेलं वयाचं प्रतिज्ञापत्र चालतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शाळा सुरू होऊन महिने झाले म्हणूनही नाकारता येत नाही. वीटभट्टीवर, द्राक्षबागेत किंवा बांधकामावर आलेल्या कुटुंबांतली कितीतरी मुलं निव्वळ "कागद नाहीत" या भीतीपोटी शाळेच्या दारापर्यंत जात नाहीत. शेजारी असं मूल दिसलं तर कृपा करून त्याच्या आईला हात धरून शाळेत घेऊन जा.

आणि जे मूल आठ वर्षांचं झालं, पण शाळेत कधी गेलंच नाही, त्याला पहिलीत बसवत नाहीत. त्याच्या वयाच्या वर्गात, म्हणजे तिसरीत घेतात आणि मागचं भरून काढायला वेगळं प्रशिक्षण देतात, कमीत कमी तीन महिने, लागलं तर दोन वर्षांपर्यंत. ते मिळतंय ना, ते विचारत राहा.

जनरल रजिस्टरची ती एक ओळ

इथे थोडं थांबून सांगते, कारण घाई इथेच होते आणि पस्तावा वीस वर्षांनी.

प्रवेश होतो म्हणजे मुलाचं नाव जनरल रजिस्टरमध्ये चढतं. मोठं, जाड, लाल कापडी पुठ्ठ्याचं बाड असतं ते. त्यातल्या एका आडव्या ओळीत मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जात-पोटजात, जन्मगाव, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, आधीची शाळा, सगळं येतं. पुढे शाळा सोडल्याचा दाखला निघतो तो या ओळीवरून. दहावीचा फॉर्म, जातीचा दाखला, जात पडताळणी, पासपोर्ट, सगळ्यांचं मूळ हीच ओळ. मूल शाळेत असेपर्यंत चूक दुरुस्त करून घेता येते, शाळा सोडल्यावर ती दुरुस्ती फार अवघड होऊन बसते.

माझ्या मुलीच्या वेळी जन्मतारीख आकड्यांत बरोबर लिहिली गेली आणि अक्षरांत "सतरा"चं "सत्तावीस" झालं. लिहिणाऱ्यांच्या टेबलापुढे त्या दिवशी चाळीस पालकांची रांग होती, दोष कोणाला देणार. मी मोठ्याने वाचून दाखवा म्हटलं म्हणून ते सापडलं. जन्मदाखला दाखवला आणि पंधरा दिवसांत रीतसर दुरुस्ती झाली.

तेव्हा ओळ लिहून झाली की वाचून दाखवायची विनंती करा. स्वतः वाचता येत असेल तर बोट ठेवून वाचा. मुलाचं नाव आधारवर जसं आहे तसंच इथे आहे ना? "हिंदू" लिहून पुढचा रकाना मोकळा तर नाही सोडला? आदिवासी कुटुंबांनी तर जमातीचं नाव आपल्या जुन्या दाखल्यावर आहे अक्षरशः तसंच लिहून घ्यावं, एका काना-मात्रेवरून पडताळणीत हेलपाटे पडतात. हीच माहिती मग शाळेच्या ऑनलाइन नोंदीत जाते. तिथलं इंग्रजी स्पेलिंगही बघून घ्या.

अधल्यामधल्या महिन्यात आलात तर

आमचं झालं तेच. आता जे कळलं आहे ते असं: सरकारी किंवा अनुदानित शाळेतून दुसऱ्या अशा शाळेत जायचा मुलाला हक्क आहे, आधीच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला मुलाला थांबवता येत नाही. मूल आज वर्गात बसवायचं, दाखला मागाहून. नव्या शाळेतून ऑनलाइन विनंती जाते, जुन्या शाळेने तिकडून नाव सोडलं की ते इकडे येतं. यात आठवडा-पंधरवडा जातो, कधी जास्त. जुन्या शाळेच्या सरांचा फोन नंबर निघतानाच लिहून घ्या. माझ्याकडे तो असता तर ते तीन आठवडे वाचले असते.

जे हंगामी येतात आणि काही महिन्यांनी परत जातात, म्हणजे पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीत उतरणारी कुटुंबं किंवा ऊसतोडीला जाणारी, त्यांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. गावची शाळा ते देते, मुक्कामाच्या गावची शाळा त्यावर मुलाला बसवून घेते आणि मूल परत गेलं की गावच्या वर्गात पुन्हा बसतं. नाव कुठेच कटत नाही. निघायच्या आधी गुरुजींकडून ते मागून घ्या.

पुस्तकांचं एक बारीक पण नेहमी अडणारं: बालभारतीची पुस्तकं शाळेतून फुकट मिळतात, पण तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आजवर जिल्ह्यागणिक वेगळं येत आलं आहे. जळगावहून किंवा लातूरहून तिसरीच्या मध्यात आलेल्या मुलाच्या दप्तरात त्या जिल्ह्याचं पुस्तक असतं आणि वर्गात नाशिकच्या गोदावरीवर प्रश्न सुरू असतात. बाईंकडे नाशिक जिल्ह्याची प्रत मागा. शिल्लक नसेल तर ई-बालभारतीवरून ते फुकट उतरवून घेता येतं.

गणवेश, बूट-मोजे शाळेकडून मिळतात, पण मध्येच आलेल्या मुलाला वाट बघावी लागू शकते. तोवर साध्या कपड्यांत पाठवा, धुतलेले असले म्हणजे झालं.

शाळेचा दिवस

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरावेत असा निर्णय २०२४ मध्ये झाला. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांची वेळ मात्र विचारूनच घ्या. शनिवारी शाळा सकाळची आणि लवकर सुटणारी, त्या दिवशी खेळ, चित्र, गाणी, कवायत यांवर भर असतो.

दिवस परिपाठाने उघडतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, एखादी बोधकथा, बातम्या, पाढे. ही वीस-पंचवीस मिनिटं आपण मोठी माणसं गृहीत धरतो. पण रोज एका वर्गातली किंवा गटातली मुलं पुढे येऊन हे चालवतात, आणि पन्नास-शंभर मुलांपुढे उभं राहून "आजचा सुविचार" म्हणायची पाळी तुमच्या मुलावरही येणार. उशिरा पोचणाऱ्या मुलाचं नेमकं हेच हुकतं. नवीन मूल वर्गात कधी मिसळलं हे मला विचाराल तर ज्या दिवशी त्याने परिपाठात तोंड उघडलं त्या दिवशी, असं मी सांगेन. म्हणून पहिल्याच आठवड्यात बाईंना सांगा, माझ्या मुलाला एखादं छोटं वाक्य द्या. घरी त्याच्याकडून ते दहा वेळा म्हणून घ्या.

हाक मारायची पद्धतही सांगून ठेवा. शहरात मॅडम किंवा बाई आणि सर, खेड्यात अजून गुरुजी. जेवण वाढणाऱ्या त्या मावशी, शिपाई ते मामा किंवा काका.

दुपारचं जेवण पहिली ते आठवीच्या सगळ्या मुलांना मिळतं. पाचवीपर्यंत मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं असा हिशेब आहे. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी, २० ग्रॅम. शहरात बहुतेक ठिकाणी मोठ्या स्वयंपाकघरातून डबे येतात, गावात शाळेच्याच शेडमध्ये मावशी शिजवतात. मूगडाळीची खिचडी, वाटाण्याची, मटकीची उसळ-भात, असं फिरतं. एक गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत असते. मुलांना वाढायच्या आधी मोठ्या माणसाने अन्न चाखायचं आणि तशी नोंद वहीत करायची असते. पालकही चव घेऊ शकतात. मी महिन्यातून एकदा जायचे. झाकण काढलं की वाफ वर येते, वरचा थर बाजूला सारून मी खालचा घास घ्यायचे, कारण करपलेलं आणि कच्चं दोन्ही तळालाच कळतं. एकदा डाळ कच्ची होती, मी वहीत तसं लिहून सही केली आणि मुख्याध्यापिकेने माझ्या समोर पुरवठादाराला फोन लावला. वहीतल्या ओळीला वजन असतं, फाटकाबाहेरच्या कुजबुजीला नसतं.

मुलाला पोटभर जेवायला सांगा. आपण घरून डबा दिला तर ते वेगळं बसतं. एका पंगतीत जेवणं मला फार मोलाचं वाटतं, सिडकोतल्या आमच्या शाळेत चार भाषा बोलणारी मुलं एका रांगेत ताटली पुढे धरतात.

बाकी आरोग्य तपासणीला डॉक्टरांचं पथक येतं. वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी देतात. त्या दिवशी मूल उपाशीपोटी जाऊ नये एवढं बघा, आणि काही आजार, फिट, ॲलर्जी असेल तर ती बाईंना आधी लेखी कळवा.

भाषा आणि वाचन, इथे सगळा जीव आहे

माझा मुलगा पहिल्या दिवशी वर्गात उभा राहिला आणि बाईंनी नाव विचारल्यावर म्हणाला, "मनं नाव अमुक शे." आमच्या घरात अहिराणीच बोलतात. वर्ग हसला. तो खाली बसला आणि मग दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर "मुलगा" लिहिलं आणि त्याला विचारलं, "तुझी आजी याला काय म्हणते?" तो म्हणाला, "आंडोर." बाईंनी "मुलगा"च्या खाली "आंडोर" लिहिलं. मागच्या बाकावरचा बिहारहून आलेला पोरगा आपणहून म्हणाला, "लडका." तोही शब्द फळ्यावर चढला. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने मला शाळेचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच.

घरची बोली शाळेसाठी बंद करू नका. तुम्ही अहिराणी बोलता, कोकणी बोलता, हिंदी बोलता, तर तीच बोलत राहा. त्याच भाषेत रोज गोष्ट सांगा. ज्या मुलाकडे घरच्या भाषेत भरपूर शब्द आहेत ते प्रमाण मराठी सहा महिन्यांत उचलतं. आणि बाईंना पहिल्याच भेटीत सांगा की आमच्या घरी अमुक भाषा आहे, म्हणजे मूल गप्प बसलं तर त्याला येत नाही असा समज व्हायचा नाही.

वाचनाबद्दल पालकांची एक चूक जवळजवळ ठरलेली. घरी आपण "अ अननसाचा, आ आईचा" अशी पूर्ण मुळाक्षरं घोकून घेतो. शाळेत ती त्या क्रमाने शिकवत नाहीत. ज्या अक्षरांतून लवकर शब्द बनतात अशी चार-पाच अक्षरं आणि एखादी मात्रा एकत्र घेतात, मग त्यांचे शब्द, मग पुढची अक्षरं. तेव्हा बाईंना विचारा, या आठवड्यात कोणती अक्षरं चालू आहेत, आणि घरी तेवढीच घ्या. संख्यांचंही तसंच. २०१९ साली दुसरीच्या गणितात "एकवीस"च्या जोडीला "वीस एक" असं वाचन आलं, मूल तसं वाचत असेल तर त्याला चुकीचं ठरवू नका, "आणि दुसरं नाव काय?" एवढंच विचारा.

तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधी बेरीज-वजाबाकी स्वतः करता यावी, असं निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आहे. तुम्हीही तेवढंच डोळ्यांपुढे ठेवा. रोज पंधरा मिनिटं पुरतात. आमच्याकडे पुस्तकं नव्हती तेव्हा मी माझ्या मुलाला बसथांब्यावर उभं करायचे. सिटीलिंकच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, बसवरच्या पाट्या: निमाणी, सातपूर, नाशिक रोड. "निमाणी" त्याला महिन्यात आलं. "त्र्यंबकेश्वर" मात्र तो रोज तोडायचा, "त... त्र... त्र्यं..." आणि बस निघून जायची. दिवाळीनंतर एकदा बस अजून वळणावर होती आणि त्याने लांबूनच ते एका दमात वाचलं. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

खासगी शिकवणी लावायची घाई करू नका. वर्गशिक्षकांनी स्वतःच शिकवणी घेणं तर कायद्यातच बसत नाही. मागे पडतंय असं वाटलं तर बाईंना भेटून विचारा, नेमकं काय येत नाही: जोडाक्षरं? हातचा? नेमकं कळलं की अर्धं काम झालं.

पाऊस, थंडी, सण

जुलै-ऑगस्टमध्ये गोदावरीला पाणी चढतं. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी लागलं यावर अख्खं गाव पुराचा अंदाज बांधतं. जोराचा पाऊस असला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप येतो. तो बघूनच मुलाला बाहेर काढा. डिसेंबर-जानेवारीत सकाळची थंडी कडक, स्वेटरवर नाव शिवून द्या, नाहीतर हरवतो.

धुळवडीला इथे फारसा रंग नसतो, तो रंगपंचमीला, रहाडींचा, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदांचा. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीला मराठी भाषा गौरव दिन असतो. ते नाशिकचेच, म्हणून आपल्या शाळांत तो मनापासून होतो. सहल निघाली तर पांडवलेणी, फाळके स्मारक, कधी नांदूरमधमेश्वरचे पक्षी. पैशामुळे मुलाला मागे ठेवायची वेळ आली तर संकोच न करता बाईंना एकटं गाठून सांगा.

पालकसभा, समिती आणि तक्रार

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सभासद पालक असतात, एकूण सभासदांत निम्म्या महिला हव्यात आणि अध्यक्ष पालकच असतो. मुख्याध्यापक सचिव. समिती दर दोन वर्षांनी नव्याने होते. नवीन आलेल्या माणसाला वाटतं की हे गावच्या जुन्या लोकांचं काम. तसं अजिबात नाही. मी दुसऱ्याच वर्षी सभासद झाले, तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं. पहिल्या बैठकीत फक्त पाण्याच्या टाकीचं विचारलं, की ती शेवटची कधी धुतली. पुढच्या बैठकीआधी टाकी धुतली गेली.

अडचण आली तर पायरी सोडू नका. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग समितीत विषय. तिथे नाही सुटलं तर मनपा शाळेसाठी प्रशासनाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज, पोचेची सही घेऊन. मुलाच्या हक्काबाबतच्या लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. फक्त मारहाणीच्या बाबतीत पायऱ्या मोजत बसू नका. मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं कायद्याने बंद आहे, १०९८ या चाइल्डलाइनवर कधीही फोन करता येतो.

शिक्षकांचीही बाजू सांगायला हवी. निवडणूक, मतदार यादी, जनगणना अशी कामं त्यांच्या गळ्यात येतात, ऑनलाइन माहिती भरण्यात तास जातात. बाई वर्गात दिसल्या नाहीत तर आधी कारण विचारा. आमच्या समितीतल्या दोन आया अशा दिवशी वर्गात बसून गोष्टी सांगायच्या, मुख्याध्यापिकेच्या परवानगीने.

चौथी-पाचवीकडे जाताना

जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीला संपतात. पाचवी कुठे, हे चौथीच्या दिवाळीतच ठरवा, मुलीचं तर नक्कीच, कारण लांबच्या शाळेच्या कारणावरून पहिल्यांदा तिचंच शिक्षण सुटतं. गावाकडच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, तो मागा.

चौथीपर्यंत कोणाला नापास करून मागे ठेवत नाहीत. पाचवीत आणि आठवीत मात्र २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुन्हा संधी देतात आणि तीही हुकली तर त्याच वर्गात बसावं लागतं. पाचवीत असताना नवोदयची प्रवेश परीक्षा देता येते. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे, सहावीपासून निवासी आणि फुकट. शिष्यवृत्ती परीक्षेची इयत्ता सरकारने मधल्या काळात बदलली आहे, म्हणून यंदा कोणत्या वर्गाला आहे ते जूनमध्येच विचारून ठेवा, फॉर्मची तारीख वाट बघत नाही.

निकाल बहुधा १ मेला लागतो. झेंडावंदनाला मुलाबरोबर तुम्हीही जा, रजा असतेच. प्रगतीपुस्तकात श्रेणी असते, अ-१, अ-२, ब-१ अशी. त्यापेक्षा खालच्या बाजूला बाईंनी हाताने लिहिलेल्या दोन ओळी नीट वाचा आणि कळल्या नाहीत तर तिथेच विचारा. पुढच्या वर्षीही नाशिकलाच आहात की कंपनी बदलून दुसरीकडे जाताय, ते त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा, म्हणजे दाखला सुट्टीआधी तयार होईल आणि जूनमध्ये कोणाचं मूल खोलीत बसून राहणार नाही.